मॅट्रिकचे वाटाडे

१८५९ साली मुंबई विद्यापीठाने आपली पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक, घेतली. शंभरावर मुले बसली आणि उत्तीर्ण झाली ती जेमतेम वीस-बावीस. बाकीची मुले मठ्ठ होती असे म्हणायला काहीच आधार नाही. इलाख्यातल्या नामांकित शाळांतून निवडून आलेली, त्या काळाच्या मानाने उत्तम शिकलेली ती मुले होती. पण विद्यापीठाला हवी होती ती निराळीच तयारी. न वाचलेला इंग्रजी उतारा समोर आला तर त्याचा अर्थ लावायचा, तो आपल्या शब्दांत मांडायचा, इतिहासाच्या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर लिहायचे, भूमितीचा सिद्धांत पायरीपायरीने सिद्ध करायचा, आणि हे बहुतांशी परक्या भाषेत. उत्तीर्णांच्या यादीत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. तीन वर्षांनी, १८६२ साली, विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले: रानडे, भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक.

या चौघांचे कौतुक महाराष्ट्राने पुष्कळ केले आणि ते योग्यच झाले. मात्र त्यांच्या मागून हजारो मुले त्याच दारातून आत गेली ती कोणाच्या आधाराने, हे फारसे कोणी विचारत नाही. त्या आधाराचा इतिहास प्राध्यापकांच्या दालनात सापडत नाही. तो सापडतो हेडमास्तरांनी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत, भाषांतराच्या वह्यांत, व्याकरणाच्या तक्त्यांत आणि वसतिगृहांच्या खोल्यांत. विद्यापीठात शिकण्यासाठी लागणारे वाचन आणि लेखन कोणीही जन्मतः घेऊन येत नाही. महाराष्ट्रात ते कोणीतरी बसून, एकेक वाक्य हातात धरून शिकवले.

विद्यापीठ यायच्या आधी गावोगाव होत्या त्या पंतोजींच्या शाळा. धुळीच्या पाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे घोकायचे, पावकी-निमकी-पाऊणकी पाठ करायची आणि मग मोडीचे वळण बसवायचे. मोडी लिहिताना आधी आडवी रेघ मारून घेत आणि तिच्याखाली हात न उचलता अक्षरे ओवत जात. शब्द सुटे सोडायची रीत नव्हती, वाक्य कुठे संपले हे दाखवायलाही काही खूण नसे. जमाखर्च ठेवणे, पत्राचे मायने घालणे, कुळकर्ण्याचे दप्तर वाचणे यासाठी हे शिक्षण पुरेसे होते. ज्या कामासाठी ते उभे राहिले होते ते काम ते चोख करत होते. पण एखादा लांबलचक युक्तिवाद छापील पानावर वाचायचा आणि त्यातले म्हणणे कोणते, पुरावा कोणता, आक्षेप कोणता हे निवडायचे, याची सवय त्यात नव्हती. तशी पुस्तकेच मराठीत नव्हती.

१८२२ साली मुंबईत एक शाळा-पुस्तक मंडळी स्थापन झाली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा तिला पाठिंबा होता आणि जॉर्ज जर्व्हिस तिचा कर्ता माणूस होता. मंडळीने गणिताची, भूमितीची पुस्तके मराठीत करून घेतली, शिक्षक तयार केले आणि १८२६ च्या सुमारास त्यांची पहिली तुकडी दख्खन, कोकण आणि गुजरातेत पाठवली. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला, १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण. बाळशास्त्री जांभेकरांनी तर 'शून्यलब्धिगणित' लिहून कलनशास्त्रासारखा विषय मराठीत आणला, तोही विद्यापीठ स्थापन व्हायच्या दीड दशक आधी.

या सगळ्यात एक लहानसे पुस्तक सहज नजरेतून सुटते. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' छापले. कँडी पुण्याच्या सरकारी पाठशाळेचे प्रमुख होते आणि पुढे सरकारी पाठ्यपुस्तकांच्या भाषेवर त्यांचाच शेवटचा हात फिरत असे. त्यांच्या मराठीच्या धाटणीला पुढच्या पिढीने नावे ठेवली. पण स्वल्पविराम कुठे द्यायचा, अर्धविराम कशासाठी, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह केव्हा, हे मराठी विद्यार्थ्याला या पुस्तकामुळे पहिल्यांदा नियमाने कळले. वाचणाऱ्याला याने मोठाच आधार मिळाला. मोडीच्या सलग ओळीतून अर्थ शोधणाऱ्या डोळ्यांना आता लेखकाचे म्हणणे कुठे थांबते, कुठे वळते आणि कुठे तो दुसऱ्याचे बोल सांगतो आहे, हे दिसू लागले. आज पाचवीतला मुलगा ज्या खुणा न पाहता ओलांडतो, त्या एके काळी कोणीतरी नेमाने शिकवाव्या लागल्या होत्या.

लेखनाची तालीम मात्र वर्गापेक्षा वर्गाबाहेर जास्त झाली. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनाने साहित्य आणि शास्त्र यांच्या चर्चेसाठी एक सभा काढली. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा, आणि दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. सभेत विद्यार्थ्याने निबंध लिहून आणायचा, सगळ्यांसमोर वाचायचा आणि मग त्यावर वाद व्हायचा. निवडक निबंध १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात छापून येऊ लागले. विषय हवामानापासून इतिहासापर्यंत कोणताही असे. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी उठून विचारणार, ही जाणीव ठेवून लिहायला ही मुले शिकली. विद्यापीठाचा कायदा व्हायच्या आधीच विद्यापीठात लागणाऱ्या लेखनाची शाळा अशी मराठीत सुरू झालेली होती.

तरी विद्यापीठ आले ते इंग्रजीतून. हे आपोआप झाले नाही. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने होते. जर्व्हिस आणि नाना शंकरशेट यांचे म्हणणे होते की लोकांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते लोकांच्या भाषेतूनच न्यायला हवे. वाद मिटला नाही, पण वारे इंग्रजीच्या बाजूने वाहत गेले. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा वरच्या शिक्षणाचे माध्यम कोणते, हे जवळजवळ ठरून गेले होते.

त्या पहिल्या वर्षांत एल्फिन्स्टन कॉलेजात अलेक्झांडर ग्रँट यांच्यासारखा विद्वान प्राचार्य होता. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरचे त्यांचे काम युरोपात नावाजलेले होते. त्यांच्याच काळातला एक प्रसंग रानड्यांच्या चरित्रांत सांगितला जातो. रानडे यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याशी इंग्रजी राज्याची तुलना केली आणि ती इंग्रजी राज्याला अनुकूल निघाली नाही. ग्रँट यांनी त्यांना समज दिली आणि त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. स्वतः विचार करा, पुराव्याने मांडा, असे शिकवणाऱ्या संस्थेतच त्या शिकवणीला कुंपण कुठे आहे, हे विद्यार्थ्याला असे कळत होते. रानड्यांनी पुढे मराठ्यांच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. तुलना करण्याची आणि पुरावा तोलण्याची ती शिस्त त्यांनी सोडली नाही.

१८६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच विद्यापीठाने आणखी एक निर्णय घेतला. मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती या देशी भाषा काढल्या आणि त्यांच्या जागी संस्कृत, फार्सी, लॅटिन अशा अभिजात भाषा आणल्या. या निर्णयाचा पहिला फटका शाळांना बसला. कॉलेजात संस्कृत घ्यायचे तर हायस्कुलातच त्याचा पाया हवा. पण संस्कृत शिकवण्याची चालू पद्धत होती ती पाठशाळेची. अमरकोश आणि रूपावली मुखोद्गत करायची, मग लघुकौमुदी, मग काव्य. त्यात वर्षेच्या वर्षे जात. आठवड्याला ठरावीक तास आणि दोन-तीन वर्षांनी मॅट्रिक, अशा मुलाला हे कसे जमावे?

भांडारकर तेव्हा शाळेत शिकवत होते, आधी सिंध हैदराबादेत आणि मग रत्नागिरीच्या हायस्कुलात हेडमास्तर म्हणून. त्यांनी या प्रश्नाला उत्तर दिले ते पुस्तक लिहून. 'मार्गोपदेशिका' म्हणजे संस्कृतचे पहिले पुस्तक १८६४ साली आले आणि पाठोपाठ दुसरे. त्याची रचना एकदा नीट पाहिली की ते इतकी वर्षे का टिकले ते समजते. प्रत्येक धड्यात आधी एखाद-दुसरा नियम. त्या नियमापुरतेच शब्द. मग त्या शब्दांची संस्कृत वाक्ये, इंग्रजीत उतरवण्यासाठी. मग इंग्रजी वाक्ये, संस्कृतात नेण्यासाठी. खाली शब्दसंग्रह. पहिल्याच धड्यापासून विद्यार्थी वाक्य वाचतो आणि वाक्य लिहितो, पाठांतर त्याच्या मागून येते. पाणिनीचे ज्ञान असलेल्या माणसाने आपली सगळी विद्वत्ता बाजूला ठेवून चौदा वर्षांच्या मुलाला आज नेमके किती झेपेल, याचा विचार केला होता. पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या भांडारकरांचे संशोधन जगभर गाजले, पण मराठी घरांत त्यांचे नाव पोचले ते या दोन पुस्तकांनी.

संस्कृतला आणखी एक ओढ मिळाली. नाना शंकरशेट १८६५ साली वारले आणि त्यानंतर त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे कित्येक दशके शंकरशेट स्कॉलर हे बिरूद शाळांच्या भिंतीवरच्या फळ्यांवर सोनेरी अक्षरांत झळकत राहिले. १९१२ साली चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले तेव्हा ही शिष्यवृत्ती त्यांचीच होती. देशी भाषेतून शिक्षण द्या म्हणून झगडलेल्या माणसाच्या नावाची शिष्यवृत्ती संस्कृतला मिळाली, हे त्या काळच्या विद्यापीठाच्या कलाला धरूनच झाले.

खरी कसोटी मात्र इंग्रजीची होती. मराठी चार यत्ता झाल्या की मुलगा इंग्रजी पहिलीत बसे आणि इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक. त्या सात वर्षांत मुळाक्षरांपासून थेट निबंधापर्यंत पोचायचे. खालच्या इयत्तांसाठी मराठी मुलांच्या हाती पिढ्यान् पिढ्या असे ती दुसऱ्या एका तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. तीन भाग, चढत्या अवघडपणाचे. इंग्रजी वाक्याचे मराठी करा, मराठी वाक्याचे इंग्रजी करा, पुन्हा पुन्हा, काळ बदलून, वचन बदलून, प्रश्नार्थी करून. आजच्या भाषाशिक्षकांना ही रीत जुनाट वाटते. तिचा एक गुण मात्र नाकारता येत नाही. त्या वहीत एकही वाक्य न समजता पुढे सरकता येत नसे. मराठीत अर्थ नीट लागला नाही तर इंग्रजी वाक्य चुकणार आणि मास्तरांच्या तांबड्या शाईत ते लगेच दिसणार.

तरीही मॅट्रिक होणे वेगळे आणि कॉलेजात बसून समजणे वेगळे. याची सगळ्यात प्रामाणिक साक्ष याच विद्यापीठाच्या एका गुजराती विद्यार्थ्याने दिली आहे. मोहनदास गांधी १८८७ साली मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक झाले. चौथ्या इयत्तेपासून बहुतेक विषय इंग्रजीतून सुरू झाले आणि भूमितीसारखा नवा विषय परक्या भाषेमुळे दुप्पट अवघड झाला, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. मॅट्रिक होऊन ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. तिथे व्याख्यानांत काय चालले आहे ते त्यांना उमगेना. दोष प्राध्यापकांचा नव्हता, ते उत्तम होते, आपणच कच्चे होतो, अशी कबुली ते देतात. एक सत्र संपले आणि ते घरी परतले. परीक्षेने त्यांना आत घेतले होते, पण आत गेल्यावर लागणारे ऐकणे, टिपणे आणि समजणे त्या परीक्षेने तपासलेच नव्हते.

१ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, ते या दरीची पुरेपूर जाणीव असलेल्या तरुणांच्या हातून. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी रत्नागिरीची सरकारी शिक्षकाची नोकरी सोडली. बाळ गंगाधर टिळक, माधवराव नामजोशी, वामन शिवराम आपटे आणि मागून गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. नुकतेच कॉलेज पाहून आलेल्या माणसांनी शाळा चालवावी, असा योग पुण्याला लाभला. दोन वर्षांनी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळा पाहिली आणि तिची मोकळ्या मनाने वाखाणणी केली.

वामनराव आपटे यांनी १८८१ साली संस्कृत रचनेवर विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक लिहिला. भांडारकरांनी वाक्य शिकवले होते, आपट्यांनी त्याच्या पुढची पायरी घेतली. विभक्ती अमुक अर्थी का येते, शब्दांचा क्रम कसा लावायचा, वाक्य वाक्याला कसे जोडायचे, याची उदाहरणे त्यांनी थोर कवींच्या ग्रंथांतून वेचून दिली. मग इंग्रजी-संस्कृत कोश, मग १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश. १८९२ साली ते वारले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. शाळा चालवायची, शिकवायचे आणि शिकवताना जे कमी पडते ते पुस्तक स्वतःच लिहायचे, असा त्यांचा खाक्या होता.

आगरकर सुधारक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहेत. 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे त्यांचे पुस्तक मात्र आता ग्रंथालयांतच दिसते. ते १८८८ साली आले. इंग्रजी शाळांत वाक्य उकलून दाखवण्याची जी पद्धत होती ती त्यांनी मराठीला लावली. उदाहरणार्थ, 'पाऊस ओसरला तेव्हा गावी अडकलेली माणसे घाट चढून वर आली' असे वाक्य घेतले तर मुख्य विधान कोणते? माणसे वर आली. कोणती माणसे? गावी अडकलेली. कशी आली? घाट चढून. केव्हा? पाऊस ओसरला तेव्हा, आणि हे स्वतःच एक गौण वाक्य. उद्देश्य, उद्देश्याचा विस्तार, विधेय, विधेयाचा विस्तार, असे खण पाडून प्रत्येक शब्दाला त्याची जागा द्यायची. कंटाळवाणे वाटेल, पण लांब, आडव्यातिडव्या वाक्यांनी भरलेले तत्त्वज्ञानाचे पान समोर आले की याच सवयीने त्यातला कर्ता आणि त्याचे म्हणणे हाती लागते. जातिभेद, बालविवाह, रूढी यांवर 'सुधारका'त त्वेषाने लिहिणाऱ्या माणसाला मुलांनी वाक्य नीट उकलावे याची इतकी आच होती, या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येणार नाहीत. दुसऱ्याचे विधान तपासायचे तर ते आधी नेमके काय आहे, हे कळायला हवे.

या शिकवणीचे फळ त्यांच्याच अंगावर आले, हे अधिक मोलाचे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' नावाने मराठी रूप केले होते. त्यावर विद्यार्थिदशेतल्या हरि नारायण आपटे यांनी 'निबंधचंद्रिके'त दीर्घ टीका लिहिली. मूळ नाटक आणि भाषांतर शेजारी ठेवून, वाक्य वाक्याशी ताडून एका मुलाने नामवंत लेखकाला जाब विचारला. हरिभाऊंना पुढे पदवी घेता आली नाही. त्यांचे वाचन कोणत्या पातळीचे होते ते मात्र त्या लेखाने दाखवून दिले आणि मराठी कादंबरीने पुढे त्याचा लाभ घेतला.

अशा शाळा मूठभर होत्या. बाकी ठिकाणी मॅट्रिक म्हणजे घोकंपट्टी झाली. नेमलेल्या पुस्तकांवरच्या नोट्स, शब्दार्थांच्या छापील चोपड्या, सोडवलेल्या प्रश्नपत्रिका यांचा बाजार तेव्हाच सुरू झाला. बहुतेक वर्षी पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे जास्त असत आणि पास झालेल्यांचीही दमछाक झालेली असे. १८९० च्या दशकात रानडे यांनी पदवीधर तरुणांच्या अकाली मृत्यूंचा विषय जाहीरपणे मांडला आणि परीक्षांचा अतिरेकी ताण हे त्याचे एक कारण म्हणून पुढे आणले. एका वर्षी एका विषयात नापास झाला की सगळेच विषय पुन्हा, या नियमाने कितीतरी उमेदीची वर्षे खाल्ली.

हे झाले शाळेपर्यंत पोचलेल्यांचे. ज्यांना शाळाच नव्हती त्यांची बाजू जोतीराव फुले यांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. प्राथमिक शिक्षणावरचे त्यांचे निवेदन सर्वश्रुत आहे. त्यातच उच्च शिक्षणाविषयी एक सूचना आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. मुंबई विद्यापीठाने प्रवेश परीक्षा खासगी रीतीने अभ्यास करणाऱ्यांना खुली ठेवली याचे त्यांनी स्वागत केले आणि वरच्या परीक्षांनाही असेच बसू द्यावे, अशी अपेक्षा केली. कॉलेजात जाण्याची ऐपत नसलेला, दिवसा पोटासाठी राबणारा माणूस घरी अभ्यास करून पदवीपर्यंत जाऊ शकेल, हा विचार त्या काळी फार पुढचा होता.

घरी अभ्यास करायचा तर घर हवे, दिवा हवा, दोन वेळचे जेवण हवे. पुण्यात गरीब ब्राह्मण मुले वार लावून जेवत, माधुकरी मागत आणि शिकत. इतर जातींच्या मुलांना तीही सोय नव्हती. म्हणून १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात काढलेले मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह आणि त्यामागून उभी राहिलेली निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे हा विद्यापीठ-शिक्षणाच्या इतिहासाचाच भाग आहे. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्याच्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवून शिकवली. अभ्यासाची खोली, एकमेकांना विचारायला जवळ असलेली वरच्या वर्गातली मुले आणि ठरलेली वेळ, एवढ्यावर कितीतरी खेड्यांतला पहिला मॅट्रिक तयार झाला.

दार असूनही ते कसे लावून घेतले जाई, हे भीमराव आंबेडकरांच्या शाळेत दिसले. त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून शिक्षकांनी ते शिकवायचे नाकारले आणि त्यांना फार्सी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले आणि पुढच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकला. संस्कृत बाबासाहेब नंतर आपल्या हिमतीवर शिकले. पुढे त्यांनीच १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद ही महाविद्यालये उभी केली.

मुलींसाठी वाट बांधायला पुढे आले ते पहिल्या चार पदवीधरांपैकीच तिघे. रानडे, भांडारकर आणि मोडक यांनी १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल काढण्यात पुढाकार घेतला. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागी ते उभे राहिले आणि हुजूरपागा हेच त्याचे नाव रूढ झाले. मुलींना मुलांसारखेच इंग्रजी आणि मॅट्रिकचे विषय शिकवावेत याला 'केसरी'ने जोरदार विरोध केला. शाळा चालू राहिली.

धोंडो केशव कर्वे यांची कथा या वाटेवरच्या दोन्ही टोकांना स्पर्श करते. मुरुडला सोमण गुरुजींच्या हाताखाली शिकलेला हा मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात कुंभार्ली घाट ओलांडून शंभरावर मैल चालत साताऱ्याला गेला, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षकांनी त्याला बसूच दिले नाही. इंग्रजी उशिरा सुरू झाल्यामुळे मॅट्रिक व्हायला १८८१ साल उजाडले, तेव्हा ते तेविशीत होते. ज्याला प्रत्येक पायरी इतकी महाग पडली त्यानेच १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले आणि शिक्षण मातृभाषेतून ठेवले. इंग्रजी सक्तीचे होते, पण विषय म्हणून. इतिहास, समाजशास्त्र, आरोग्य समजून घेताना आधी भाषेशी झुंजावे लागू नये, ही त्यामागची भूमिका होती. सरकारची मान्यता नसताना, हिणवणी ऐकत, कर्वे गावोगाव वर्गणी मागत फिरले. १९२१ साली पहिल्या पाच स्त्रिया पदवीधर झाल्या.

इकडे मुंबई विद्यापीठात मराठीला पुन्हा जागा मिळावी म्हणून रानडे वर्षानुवर्षे झगडत होते. १८९८ साली मराठी वाङ्मयाच्या वाढीचा आढावा लिहून त्यांनी दाखवून दिले की या भाषेत अभ्यासण्याजोगे किती साहित्य जमा झाले आहे. १९०१ साली एम. ए.ला मराठीचा शिरकाव झाला. त्याच वर्षीच्या जानेवारीत रानडे निवर्तले होते. तिथून मराठी एकेक पायरी उतरत खालच्या वर्गांपर्यंत आली आणि मग शाळांतले इतिहास-भूगोलही हळूहळू मातृभाषेत आले.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची मॅट्रिक संपली आणि १९४९ च्या सुमारास तिची जागा एस. एस. सी.ने घेतली. परीक्षा आता स्वतंत्र बोर्डाची होती. शालान्त परीक्षा सगळ्यांसाठी, विद्यापीठाचे दार त्यातल्या काहींसाठी, असा फरक झाला. बहुसंख्य मुले मराठीतून शिकून येऊ लागली आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजी व्याख्यानांपुढे बसू लागली. मराठवाड्यातल्या मुलांची गत आणखी निराळी होती. घरी मराठी आणि निजामाच्या राज्यात वरचे शिक्षण उर्दूतून. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात देशी भाषेतून उच्च शिक्षणाचा मोठा प्रयोग झाला, पण ती देशी भाषा त्यांची नव्हती. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले तेव्हा एका पिढीने उर्दूतून मराठी-इंग्रजीकडे असा तिसरा वळसा घेतला.

राज्यानेही मग हात घातला. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि शास्त्राशास्त्रांचे परिभाषा कोश निघू लागले. विद्यापीठीय पुस्तके मराठीत आणण्यासाठी ग्रंथनिर्मिती मंडळ आले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचे खंड निघाले. शब्द मिळाले, ग्रंथ मिळाले. ते वाचायचे कसे, टिपणे कशी काढायची, उत्तर कसे मांडायचे, हे शिकवणारा भांडारकर किंवा आगरकर प्रत्येक कॉलेजला मिळाला नाही. ते काम पुन्हा एकदा ज्या त्या शिक्षकाच्या तळमळीवर सोडले गेले.

फुल्यांनी आयोगापुढे मांडलेल्या अपेक्षेला पूर्ण आकार आला तो १९८९ साली, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले तेव्हा. बारावी न झालेल्या, पण वयाची अट पुरी करणाऱ्या माणसासाठी या विद्यापीठाने पूर्वतयारी शिक्षणक्रम ठेवला. तो उत्तीर्ण झाला की पदवीचा मार्ग मोकळा. पुस्तके मराठीत, आणि शिक्षक समोर नसणार हे धरूनच रचलेली. घटकाच्या आरंभी तो वाचून काय कळायला हवे ते सांगितलेले, मध्ये थांबून स्वतःला विचारायचे प्रश्न, शेवटी सारांश आणि अवघड संज्ञांचा खुलासा. लहानपणी शाळा सुटलेल्या बाया, कारखान्यातले कामगार, शेतकरी अशा पुस्तकांतून वाचायला आणि लिहायला नव्याने शिकले. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी होणाऱ्या वर्गांत आजही असे विद्यार्थी येतात आणि बहुतेकांची पहिली अडचण एकच असते: प्रश्न समजतो, उत्तरही ठाऊक असते, पण ते कागदावर कुठून सुरू करायचे? तिथला समंत्रक तेव्हा फळ्यावर एक वाक्य लिहितो, त्याच्याखाली दुसरे, आणि त्या दोहोंना जोडणारा शब्द वर्गाला विचारतो.